पहिलं तेल खोटं असतंय

माझ्या बायकोच्या मामांइतका थंड डोक्याचा माणूस नांदेडपासून निलंग्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि दुसऱ्याचं डोकं इतकं तापवणाराही झाला नाही. निलंग्याच्या एसटी स्टँडामागं त्यांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. विहिरीवरचं डिझेल इंजिन एकदा कोरडं पडलं की त्याच्या नळीत हवा धरते, आणि ती काढल्याशिवाय ते काही केल्या सुरू होत नाही. इतर मिस्त्री नट सैल करत, तेल दिसलं की आवळून मोकळे होत. मामा आवळायचे नाहीत. तेल भळाभळा वाहायचं, मालकाचा जीव खालीवर व्हायचा आणि मामा मांडी घालून एकेक बुडबुडा न्याहाळत बसायचे. "पहिलं तेल खोटं असतंय," म्हणायचे. "त्याच्या पाठीमागं हवा दडून बसलेली असतीय. येऊ द्या की तिला भाईर."

हा नियम त्यांनी इंजिनापुरता ठेवला असता तर मी त्यांचे पाय धुऊन पाणी प्यालो असतो. पण सोड्याची बाटली फोडली तरी ते शेवटचा बुडबुडा संपेपर्यंत थांबत आणि मग ते मेलेलं पाणी चवीनं पीत. माझ्या लग्नातसुद्धा तेच! मुलगी बघून मी लगेच 'पसंत' म्हणालो, तर हे म्हणाले, "आठ दिसांनी पुन्हा इचारू. पहिला होकार बी खोटाच असतोय." आठ दिवस मला अन्न गोड लागेना. मुलीकडच्यांना वाटलं आम्ही नकार दिला, आमच्या वडिलांना वाटलं त्यांनी दिला. आठव्या दिवशी मामा एसटीनं आले, मला पुन्हा विचारलं, आणि होकार जागेवर आहे म्हटल्यावर स्वतःचंच लग्न ठरल्यासारखे खूश झाले.

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेरीत साहेब आले होते, खुर्च्या अजून यायच्या होत्या. त्यात दुष्काळ. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि महिनाभर पावसाचा थेंब नाही. ढगांत मीठ फवारून पाऊस पाडणारं एक छोटं विमान चार दिवसांसाठी आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलं. धावपट्टी नांदेडला, तेव्हा कचेरीतला कारकून म्हणून माझी रवानगी तिकडं झाली, आणि कचेरीची जीप वाटेत दगा देणार हे ठरलेलंच असल्यामुळं मामांना मी सोबत घेतलं. तीन दिवस आभाळ ठणठणीत कोरडं. चौथ्या दिवशी दुपारी लातूरच्या बाजूला काळेभोर ढग जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान दुसऱ्या जिल्ह्याला जाणार. म्हणजे आज उडालं तर उडालं, नाहीतर आमची ज्वारी गेलीच म्हणायची. आणि नेमकं तेव्हाच विमान अडून बसलं!

झालं होतं असं. विमानाबरोबर आलेल्या मेकॅनिकनं सकाळी इंजिनाच्या तेलाच्या नळ्या सोडवून साफ केल्या, नवं तेल भरलं. इंजिन सुरू केलं, तर तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावरच. अर्ध्या मिनिटात काटा उठला नाही तर इंजिन बंद करावं लागतं, नाहीतर आतून जळतं. बिचाऱ्यानं नळी सैल केली, तेल दिसलं, आवळली. पुन्हा सुरू केलं. काटा थरथरला आणि पडला. वैमानिक म्हणाला, "बस्स. आता पुन्हा मी सुरू करणार नाही." मेकॅनिकचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही.

मामा इतका वेळ पंखाच्या सावलीत बसले होते. उठून म्हणाले, "सायेब, आतला तेलाचा पंप तहानलाय. आमच्या विहिरीवरच्या पंपाला बी आधी पाणी पाजावं लागतंय, मग त्यो पाणी देतोय. ह्याला तेल पाजा."

मेकॅनिक वैतागून म्हणाला, "काका, हे विमान आहे. उसाचा चरक नाही."

"हाव. पण पंपाला कुठं ठाऊक हाय त्यो इमानात बसलाय म्हणून?"

वैमानिक खो खो हसला आणि म्हणाला, "पाजू द्या त्यांना."

मेकॅनिकनं प्लग काढले, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरावं. मामांनी कुपीनं पंपाच्या तोंडात तेल सोडलं आणि मेकॅनिक विमानाच्या नाकावरचा पंखा हळूहळू फिरवू लागला. सैल केलेल्या जोडातून तेल आलं. तो पाना घेऊन झेपावला, तर मामांनी त्याचं मनगट धरलं. "थांबा. फिरवा अजून." तेल वाहतंय, ढग सरकताहेत. मी ओरडलो, "मामा, ढग चालले हो!" ते मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, तुमी ढगाकडं बघा, मला हिकडं बघू द्या." इतक्यात फस्स्‌ झालं! ही एवढी हवा बाहेर पडली, मग फेस, मग पुन्हा तेल. मामा तरीही थांबले. अखेर अखंड, दोऱ्यासारखी धार लागली तेव्हा म्हणाले, "आता आवळा."

प्लग बसवले, इंजिन सुरू झालं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि काटा उठला! उठला तो उठलाच, खाली म्हणून आला नाही. मेकॅनिकनं मामांना अशी मिठी मारली की त्यांचा पांढरा सदरा तेलानं काळा झाला. विमान आमच्या डोक्यावरून ढगांकडं गेलं आणि मी, सरकारी नोकर, भर धावपट्टीवर नाचलो. लाज कसली!

पाऊस पडला. तासभर, दणकून, शिरूर अनंतपाळकडं. निलंग्यात टिपूस नाही. गावचे लोक रुसले तेव्हा मामा म्हणाले, "इंजिन माझ्या हातात हुतं, ढग न्हवता."

ही गोष्ट मी जिल्हाभर सांगत सुटलो होतो. दिवाळीनंतर शिरूर अनंतपाळकडचा एक शेतकरी ज्वारीचं पोतं घेऊन दुकानात आला. "त्या एका पावसावर पीक आलं. हे तुमचं." मामा लई नको नको म्हणाले, मग आत जाऊन डोळे पुसून आले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मातीला तो शेतकरी आला होता. आम्ही नातेवाईक पुढं, तो पार मागं, चपला हातात घेऊन उभा. कुणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही कोण?"

"घरचाच हाय," तो म्हणाला.