दुपारी तीनला बंद पडणारा कॉम्प्युटर

शिंप्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढा एक गाळा होता. तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे थांबाबाई म्हणत. गिऱ्हाईक घाईघाईत मशीन टेबलावर ठेवून "ह्याचं अमुक गेलंय, बदलून टाका" म्हणालं, की बाई चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "थांबा. आधी काय होतं ते सांगा. काय गेलंय ते मी बघते."

ही सवय त्यांना उपजत नव्हती. तरुणपणी त्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीत कॉम्प्युटर आले आणि सहाच्या सहा टायपिस्टना घरी बसायची पाळी आली. बाकीच्या पाच जणी रडत गेल्या. या मात्र मशीन बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून "हे काय, ते कशाला" असं विचारत राहिल्या. त्यातूनच पुढे हे दुकान उभं राहिलं. सुरुवातीला हात फार चलाख होता आणि त्याचा तोराही होता. एकदा एका संशोधक बाईचं मशीन त्यांनी अर्ध्या तासात साफसूफ करून, सगळं नव्याने घालून चकाचक परत दिलं. त्या अर्ध्या तासात पक्ष्यांवर केलेली आठ वर्षांची टिपणं पुसली गेली. संशोधक बाई भांडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि नुसत्या त्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवसापासून बाईंच्या तोंडी "थांबा" आलं ते कायमचं.

तर अशा या थांबाबाईंकडे एक दिवस एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर आले. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. कुबडी काखेत होती, आणि मागून रिक्षावाला त्यांचा कॉम्प्युटर पोटाशी धरून येत होता.

"बाई, गेम खेळताना हा बंद पडतो," ते म्हणाले. "फटकन. पडदा काळा. दोघांना दाखवला. एक म्हणाला, रॅम बदला. बदलली. दुसरा म्हणाला, या वयात गेम कशाला खेळता, मशीनला तेवढीच विश्रांती मिळेल."

"कुठला गेम?"

ड्रायव्हरदादा जरा ओशाळले. "ट्रक चालवायचा."

बाई हसल्या नाहीत. मशीन उघडलं. आत बोटभर धूळ होती. गेम खेळताना कॉम्प्युटरला सगळी ताकद लावावी लागते, तो तापतो, आणि फार तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. हे दुखणं त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं. पंखे साफ केले, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, आणि तोच गेम सलग चार तास चालवून पाहिला. मशीन ठणठणीत. "घेऊन जा," त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा परत हजर. या वेळी चेहरा लाल.

"तसाच बंद पडतो. काल दोनदा, आज एकदा."

बाईंनी मशीन ठेवून घेतलं. विजेचा पुरवठा करणारा आतला डबा बदलून पाहिला. दोन दिवस वेगवेगळे गेम लावले. मशीन एकदाही बंद पडलं नाही. त्यांनी हात टेकले.

"दादा, इथे तर काहीच होत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" ड्रायव्हरदादांनी कुबडी टेबलावर आपटली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, माझा एक जोडीदार आहे. अठरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर पाळीने चालवलं. आता तो लेकीकडे राहतो, लांब. रोज दुपारी तीनला तो तिथून चालू करतो, मी इथून. दोघांचे ट्रक एकामागे एक चालतात. फार बोलत नाही आम्ही. वळण आलं की सांगतो, एवढंच. आणि मध्येच माझा ट्रक रस्त्यावरून गायब होतो. त्याला वाटतं, मी रागावून उठून गेलो. परवा म्हणाला, तुला कंटाळा आला असेल तर सरळ सांग की."

बाई चष्मा पुसत राहिल्या. "रोज तीनलाच खेळता? सकाळी कधी?"

"सकाळी एकटा खेळतो कधी कधी. तेव्हा नाही पडत बंद."

बाईंचा हात चष्म्यावरच थांबला. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "थांबा, थांबा" म्हणत आपण गावभर मिरवतो, आणि धूळ दिसली तशी उडी मारून मोकळे झालो. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"उद्या तीनला मी तुमच्या घरी येते," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरदादांचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि कडेला पेचाने घट्ट बसवलेलं खेळातलं स्टिअरिंग. दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी, उघडलं. त्या थकलेल्या, पण हसऱ्या होत्या. "या ताई. यांच्या त्या ट्रकने आमच्या नाकी नऊ आणलेत," असं म्हणत त्या आतल्या खोलीत गेल्या. आत कपड्यांचा ढीग होता. त्या लॉन्ड्रीचे कपडे घरी आणून दुपारी इस्त्री करून देत.

तीन वाजले. जोडीदाराचा ट्रक पडद्यावर आला आणि ड्रायव्हरदादांची पाठ एकदम ताठ झाली. बाईंनी कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढला, आतलं नीट दिसावं म्हणून टेबलावरचा दिवा लावला आणि जमिनीवर मांडी ठोकून बसल्या. वीस मिनिटं काही झालं नाही. दोन्ही ट्रक डोंगर चढत होते.

मग दिवा किंचित मंद झाला. डोळ्याची पापणी लवावी इतकाच. पुन्हा नीट झाला. थोड्या वेळाने परत मंद झाला, या वेळी जास्त, आणि पडदा काळा झाला.

"बघा!" ड्रायव्हरदादा ओरडले. "बघितलंत ना? मी खोटं बोलत होतो का?"

"थांबा," बाई म्हणाल्या आणि मान वळवून आत हाक मारली, "वहिनी, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"मी? काही नाही हो. इस्त्री करतेय. मेली हल्ली तापतच नाही पटकन."

बाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी इस्त्रीची वायर कुठे जाते ते पाहिलं. भिंतीच्या पलीकडे कॉम्प्युटर, अलीकडे इस्त्री, आणि दोन्हींना वीज एकाच बोर्डातून. तो बोर्ड कपाटामागे होता. कपाट दोघींनी मिळून सरकवलं. बोर्डाचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात पिवळं, मग तपकिरी, मग काळं झालेलं होतं. वर भिंतीचा रंग फुगलेला. जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"मेन स्विच कुठाय? आधी तो बंद करा," बाई म्हणाल्या. आता मात्र त्यांच्या आवाजात घाई होती.

वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला तेव्हा आतली एक तार स्क्रूतून सुटत आलेली आणि कोळशासारखी झालेली होती. बाईंनी समजावून सांगितलं. सैल तारेतून थोडी वीज जायची तेव्हा भागून जायचं. पण गेम चालू, म्हणजे कॉम्प्युटरची भूक मोठी. त्यात इस्त्री तापायला लागली की तार तापायची, विजेचा दाब खाली यायचा आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. कॉम्प्युटरला कसलंच दुखणं नव्हतं. दुकानात तो बंद पडणार तरी कसा?

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे माझ्यामुळे," त्या हळूच म्हणाल्या. "मी इथे इस्त्री करायची आणि तिथे यांचा खेळ मोडायचा. आणि वर मीच म्हणायची, टाका ते खेळणं फेकून."

"तुझ्यामुळे कसलं?" ड्रायव्हरदादा खेकसले, पण खेकसणं वरवरचं होतं. "तू कामच करत होतीस ना? कपाटामागे कोण बघतंय? मी रोज इथे बसतो, मला तरी वास आला का?"

वायरमन तार कापता कापता म्हणाला, "काका, कॉम्प्युटर बंद पडत होता म्हणून बरं. नाहीतर महिनाभरात कपाटासकट भिंत पेटली असती."

इस्त्रीसाठी वेगळी जाड तार टाकायची ठरली. तोवर दोन दिवस वहिनींनी सकाळी शेजारणीकडे इस्त्री केली.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, सगळं नीट चाललंय ना हे बघायला थांबाबाई पुन्हा गेल्या. ड्रायव्हरदादांनी हेडफोन काढून स्पीकर लावला होता. जोडीदाराचा घोगरा आवाज खोलीत घुमत होता. "म्हणजे वहिनींच्या इस्त्रीने तुला सरळ केलं म्हण की! आणि मी इथे चार रात्री तळमळतोय, म्हाताऱ्याला माझं काय लागलं म्हणून."

"वळण आहे, हळू घे," ड्रायव्हरदादा म्हणाले. पण कानापर्यंत हसले.

बाईंनी बोर्डाला हात लावून पाहिला. थंडगार होता. त्या निघाल्या, तेवढ्यात वहिनी भाजीची परडी काखेत घेऊन ओल्या हाताने बाहेर आल्या. हात पदराला पुसत त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला टेकवलं.

"काय गं?" ड्रायव्हरदादांनी विचारलं.

"काही नाही. सव्वीस वर्षं गाडी चालवलीत, एकदा तरी शेजारी बसवलंत का मला? दरवेळी कंपनीचा नियम, कंपनीचा नियम." त्या परडी मांडीवर घेऊन स्टुलावर नीट बसल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. "हा रस्ता कुठे जातो?"

"खाली बंदराकडे. वाटेत एक मोठा पूल लागतो."

"मग चला. पूल आला की सांगा, तोवर मी भाजी निवडते."

थांबाबाईंनी चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.