लाइट-पाण्यासकट

विजयनगरातला वन बीएचके मला लाइट-पाण्यासकट भाड्याने मिळाला, तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजले. पण मीटर सगळ्या घराला एकच आणि तो खाली राहणाऱ्या मालकीण काकूंच्या दाराशी. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मराठी, पण कानडी कालवलेली. मी गीझर लावला आणि मीटरचा लाल ठिपका भराभर लुकलुकू लागला, की जिन्यातून हाक यायची, "साकु गं, पुरे!"

एके दिवशी इस्त्रीवरूनही बोलणी बसली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या, वाचवा तुमची वीज. संध्याकाळी मुद्दाम एकही दिवा न लावता अंधारात बसून राहिले.

काकू तरातरा वर आल्या. "तिन्हीसांजेला घर काळोखात ठेवतात का? लक्ष्मी कशी येईल आत?" असं म्हणत त्यांनी स्वतःच सगळे दिवे लावले, अगदी बाथरूमचासुद्धा. मग खुर्ची ओढून बसल्या. माझाही राग ओसरला, मी चहा टाकला.

चहा संपल्यावर काकूंनी कप खाली ठेवला आणि चौफेर नजर फिरवली.

"आली लक्ष्मी. साकु आता. बंद कर सगळे."