आबा पासपोर्ट घेऊन आले

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आबा घरात नव्हते. ठिबकची नळी फुटलीय म्हणून उजाडताच वावरात गेले होते. नळी फुटलेली नव्हती, हे मला माहीत होतं आणि मायलाही. माय गाडीपर्यंत सोबत आली. रेणुकाईच्या देवळाकडे तोंड करून तिने माझ्या वतीने हात जोडले, पिशवीत दशम्या कोंबल्या आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आबांचा राग धरू नको." भोकरदनची गाडी आमच्या वावराच्या कडेने जाते. मी खिडकीतून पाहिलं, आबा रस्त्याकडे पाठ करून बांधावर उभे होते. गाडीचा आवाज त्यांनी ऐकला नसेल असं होणं शक्य नव्हतं.

राग कशाचा होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कंत्राटावर होते. तुरीची पानं, फुलं, शेंगा पोखरणारी अळी यांची चित्रं काढायची आणि शेतकऱ्यांसाठी तक्ते तयार करायचे, असं काम. आबांना त्या नोकरीचं फार कौतुक. बाजारात कोणी विचारलं की 'पोरगी संशोधनात हाये' म्हणायचे. ती सोडून मी पुण्यात जाऊन फक्त चित्रं काढणार, तीही कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांसाठी, हे त्यांच्या पचनी पडेना.

आम्ही मूळचे मेंढपाळ. आजोबा दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे ते मृगाच्या तोंडावर परतायचे. आबाही लहानपणी त्यांच्यामागे चालले, उघड्यावर झोपले, शाळा सोडून बसले. मोठेपणी त्यांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि दोन पक्क्या खोल्या बांधल्या. मी निघणार म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "कुलूप लावाया आपलं दार व्हाया दोन पिढ्या गेल्या. आन् तू पुन्यांदा निघालीस."

पुण्यात हे वाक्य माझ्या मागे लागलं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपायचं, घरमालक भाडं वाढवायचा, मी टेबल, दिवा आणि कागदांची भेंडोळी टेम्पोत टाकून दुसरीकडे जायची. कोथरूड, मग वारजे, मग धायरी. प्रत्येक नव्या खोलीत पहिले काही दिवस मला दिव्याचं बटण सापडायचं नाही. काम मात्र वाढत गेलं. अमेरिकेतल्या एका प्रकाशनासाठी मी कडधान्यांच्या रोपांची चित्रं काढू लागले. ईमेलवर डेडलाइन यायची, मी इनव्हॉइस पाठवायची, पुस्तक विकलं जाईल तसं मानधन यायचं. त्यातला मोठा तुकडा तिकडेच कर म्हणून कापला जाई.

माझी सीए म्हणाली, "ताई, दोन देशांत करार आहे, एवढा कर कापायची गरज नाही. पण तुमचा प्रकाशक म्हणतो की त्यासाठी तिथला करदाता क्रमांक हवा. तिथे न राहणाऱ्यांनाही तो मिळतो. अर्ज करा."

अर्ज करायचा तर पासपोर्ट हवा, आणि साधी झेरॉक्स चालणार नव्हती. एक तर नियमात बसेल अशी प्रमाणित प्रत, नाही तर अस्सल पासपोर्ट. प्रतीसाठी मी बरेच हेलपाटे घातले. शेवटी वैतागून अस्सलच अमेरिकेला पाठवून दिला. पत्रव्यवहाराचा पत्ता कोणता द्यायचा यावर अडले. धायरीची खोली सोडायची होती, पुढची ठरली नव्हती. म्हणून गावचा लिहिला. मुक्काम पोस्ट पिंपळगाव रेणुकाई.

पाकीट गेलं त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मला कुठेही जायचं नव्हतं. परदेश तर सोडाच, मुंबईलाही काम नव्हतं. तरी रोज वाटायचं की आता कुणी 'चल' म्हटलं तर आपण जाऊ शकणार नाही. चित्र काढताना हात थांबायचा. तुरीच्या पानाच्या शिरा काढता काढता मी उठून ईमेल बघायची, परत बसायची, परत उठायची. नवी खोली नऱ्ह्याला मिळाली. सामान उघडायलासुद्धा मन होईना.

एके दुपारी फोन वाजला. आबांचा नंबर. आबा स्वतःहून फोन करत नाहीत. माय लावते आणि ते मागून बोलतात. मी घाबरून उचलला.

"मी स्टँडवर हाये."

"कुठल्या स्टँडवर?"

"पुण्याच्या. लई गर्दी हाये हितं. जल्दी ये."

इतक्या वर्षांत आबांनी पुण्यात पाऊल ठेवलं नव्हतं. मी तशीच रिक्षात बसले. मायला काही झालं असेल याच्या पलीकडे डोकं जाईना. आबा एका खांबाला टेकून उभे होते. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पटका, आणि एक हात छातीवर असा धरलेला की आत कळ येत असावी.

"माय कशीय?"

"माय बिलकुल बरी हाये. घरी चल मंग सांगतो. हितं न्हाई."

रिक्षात त्यांनी छातीवरचा हात काढला नाही. खोलीत आल्यावर दार लावलं का ते त्यांनी स्वतः पाहिलं, मग बंडीच्या आतल्या खिशातून दोन पाकिटं काढली. छातीवर हात त्यासाठी होता. एका पाकिटात माझा पासपोर्ट, दुसऱ्यात इंग्रजी पत्र. दोन्ही काही दिवसांच्या अंतराने गावी आली होती.

"गावात कोनालाच वाचाया दिलं न्हाई म्या," आबा म्हणाले. "पोस्टानं धाडावं म्हटलं, पन भरवसा वाटंना. तारीख कोनती हाये?"

"कसली तारीख?"

"अमेरिकेची. कायमचं बोलावलं ना त्यायनी?"

पासपोर्ट अमेरिकेहून येतो, मागून सरकारी पत्र येतं, याचा त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा तरी कसा म्हणायचा? मी काही बोलणार तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, मान खाली घालून, "तुला आडवाया आलो न्हाई. मागच्या टायमाला तू गेल्तीस तवा मी वावरात जाऊन हुबा राह्यलो. गाडी गेली, आन् मंग दिवसभर काय सुधरलं न्हाई मला. ह्या टायमाला तसं न्हाई करायचं, म्हून आलो. बस."

मला रडू आलं. ते लपवायला मी पत्र उघडलं. माझा अर्ज नामंजूर झाला होता. कारण होतं नाव. पासपोर्टवर मी द्वारका सखाराम गाडेकर. प्रकाशनाने अर्जासोबत जोडायला दिलेल्या पत्रात नुसतं द्वारका सखाराम. चित्राखाली मी तशीच सही करते. आडनाव तिकडे कुणाला धड उच्चारता येत नसे, म्हणून पहिल्याच चित्राला ते गाळलं आणि मग तसंच चालू राहिलं.

मी आबांना सगळं समजावून सांगितलं. कुणी बोलावलेलं नाही, मी कुठे जात नाही, हा फक्त कराचा नंबर आहे आणि तोही मिळालेला नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी तिकडं तुला कोन्या नावानं वळखतात?"

"सखाराम. मिस सखाराम."

"माझ्या नावानं?"

"हो."

आबा उठून खिडकीपाशी गेले. खाली नुसती बिल्डिंगची पार्किंग होती, बघण्यासारखं काही नव्हतं. परत आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता ते खोडावं लागंल का?"

"पत्रात पूर्ण नाव घालून घेते. चित्राखाली राहील तसंच."

"राहू दे. बराबर दिसतंय."

ते आठवडाभर राहिले. पहिल्या दोन दिवसांत त्यांचा जीव खोलीत घुसमटला. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून चालायला गेले आणि नऊ वाजले तरी परत आले नाहीत. मी शोधायला निघणार तोच हजर. टेकडीवरून पलीकडे उतरून कुठल्याशा वाडीपर्यंत जाऊन आले होते, तिथे मेंढरं बसलेली बघितली, मेंढक्यांशी बोलले, चहा घेतला. "नगरकडची मान्सं हायेत," म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज तिकडे जायचे. संध्याकाळी मी काढत असलेल्या चित्राजवळ बसायचे. एकदा फुलावर बोट न टेकवता म्हणाले, "ही पाकळी वाळाया लागली की कडंनं तांबूस व्हती. तू पिवळीच ठिवलीस."

"हे ताजं फूल आहे, आबा."

"मंग ठीक हाये."

आम्ही पुन्हा अर्ज भरला. प्रकाशनाकडून पूर्ण नावाचं पत्र मागवलं. या वेळी सीएने सांगितलं, "जिथे राहता तोच पत्ता लिहा, गावचा नको." रकाना होता कायम निवासाचा. मी पेन धरून बसले. नऱ्ह्याची खोली कायमची? माझी पुस्तकं अजून खोक्यांत होती. गावचा पत्ता खोडून नऱ्ह्याचा लिहायचा तर आपण आपल्या हाताने काहीतरी तोडतोय असं वाटायला लागलं. आबांना ते दिसलं असावं.

"लिही की," ते म्हणाले. "तू पत्ता लिवल्यानं गाव कुठं चाललंय? तिथंच हाये ते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत बसवून दिलं. या वेळी खिडकीत ते होते आणि खाली मी. गाडी हलली तरी त्यांनी तोंड वळवलं नाही.

नंबर यायला बराच काळ गेला. पत्र आलं ते नऱ्ह्याच्या खोलीवर, कुरिअर आणि विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात. मी लगेच घरी फोन लावला. मायने उचलला आणि आबांच्या कानाला लावला.

"आबा, नंबर आला."

"झालीस म्हन आता तिथली."

"न्हाई आबा. तिथं न राहणाऱ्या माणसाला देतात हा नंबर. मी तिथली नाही, असंच त्यांनी लिहून घेतलंय."

आबा हसले. "आरं वा. न्हाई म्हनायला एवढा खटाटोप!"

आमच्यासारखे गाव सोडून निघालेले खूप आहेत. कुणी संभाजीनगरला, कुणी दुबईला, कुणी माझ्यासारखे पुण्यात बसून परमुलखासाठी राबणारे. गावी राहिलेल्यांना वाटतं आम्ही तिकडे स्थिर झालो. मी नाही झाले. गावी गेले की चौथ्या दिवशी टेबल आठवतं, आणि टेबलाशी बसले की माय आता काय करत असेल म्हणून फोन हातात घेते. पूर्वी मला हे माझ्यातलं वैगुण्य वाटायचं. आता वाटत नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय, की जिथे माझ्या येण्याला कागद लागत नाही आणि जाण्याचा कुणाला राग येत नाही.

फोन ठेवायच्या आधी माय मध्येच म्हणाली, "आगं, राजूरच्या गणपतीला जायचं म्हनून ऱ्हायलेत तुझे आबा. तू येतीस का?"

"कधी?"

"तू आलीस की," मागून आबांचा आवाज आला.

मी कॅलेंडर न बघता हो म्हटलं.