शेवटची सू केव्हा?

“गाडी नंतर, वहिनी. आधी सांगा, शेवटची सू केव्हा?”

भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरांच्या आमच्या लाइनीतून लहान मूल बसलेली गाडी या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय बाहेर पडत नसे. डिकीत बॅगा गेल्या, इंजिन सुरू झालं, की मागच्या क्वार्टरमधले कंपाउंडरकाका हजर. एक हात खिडकीच्या काचेवर ठेवायचा, म्हणजे काच वर करायची सोय नाही. दुसरा हात आत घालून बोटांची मागची बाजू पोराच्या मानेला लावायची. मग हा प्रश्न, आणि तोही चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारात असेल. तुम्हीही त्याला टाळायला कधीतरी मागच्या दाराने निघाला असाल. मी निघाले आहे.

काका मूळचे इंदूरचे. भोपाळातल्याच टी. टी. नगरात लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे त्यांची सगळी नोकरी गेली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला आणि काका मुलाकडे राहायला आले. मुलगा कारखान्यात टेक्निशियन. आम्ही पुण्याहून बदलीवर आलेले. आमच्या घरी असल्या गोष्टी आईच्या कानात सांगायच्या असतात, आणि इथे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भर रस्त्यात विचारणार! पहिल्यांदा मी लाजून पर्समध्ये तोंड घातलं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीनेच उत्तर दिलं, आणि किती केली तेही सांगितलं. काका खूश झाले. नवरा आठवडाभर मला चिडवत होता.

उन्हाळ्यात भोपाळमध्ये कुणी प्रवासाला निघालं की खिशात कांदा ठेवतात, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून. काका त्याला हसायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, “कांदा राहू द्या खिशात, त्याचं काही बिघडत नाही. पण पाणी पाजलं ना?” त्यांच्या खांद्याला कायम एक निळी कापडी पिशवी असायची. तिच्यात मीठ-साखरेची पाकिटं, लिटरची खूण केलेली बाटली आणि एक स्टीलचा चमचा. लग्नाला जाताना पिशवी, भाजी आणायला जाताना पिशवी. सूनबाई बिचारी वैतागून जायची.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही पचमढीला जायचं ठरवलं. मुलगी सहाची, मुलगा दीड वर्षाचा. हे कळल्यावर काका संध्याकाळी घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. पिपरियाला त्यांच्या लेकीच्या मुलीचं बारसं होतं, त्याच दिवशी संध्याकाळी. रस्ता आमचाच. गाडीत जागा असली तर बघा, म्हणाले. नवरा लगेच हो म्हणाला. मी आत जाऊन भांडी जरा जोरात आपटली. पिपरियापर्यंत चार-साडेचार तास हा माणूस माझ्या मुलांच्या सूचा हिशेब ठेवणार, या विचारानेच माझं डोकं उठलं होतं.

आता माझी चूक सांगते. नुसती चूक नव्हती ती, माझ्या माहेरची पद्धत होती. प्रवासाच्या दिवशी मुलांना पाणी बेतानेच द्यायचं. जास्त पाणी प्यायलं की उलटी होते, सारखी गाडी थांबवावी लागते, आणि मुलीला रस्त्याकडेला कुठे बसवणार? मला आईने असंच वाढवलं आणि मी काही मेले नाही. त्या दिवशी सकाळी मी मुलीला दोन घोट दिले, धाकट्याला अर्धी वाटी दूध, आणि सहा वाजता त्याला डायपर बांधला. मनाशी म्हटलं, आता पिपरियापर्यंत चिंता नाही.

निघायला साडेआठ झाले. काका नवाकोरा पांढरा झब्बा-पायजमा घालून आले होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी म्हटलं, आत्ताच झाली दोघांची. मुलगी खरंच जाऊन आली होती. धाकट्याचीही झाली असेल असं मी धरून चालले. मी पाहिलं नव्हतं.

ओबेदुल्लागंजच्या पुढे घाटात एक ट्रक आडवा झाला होता. दहा वाजता आम्ही त्या रांगेत अडकलो. उभ्या गाडीत एसी चालवून इंजिन तापायला लागलं तेव्हा नवऱ्याने एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. बाहेरून जी हवा आली ती तव्यावरून आल्यासारखी होती. लोक गाड्यांतून उतरून झाडांच्या सावल्या शोधायला लागले. सागाची पानं गळून गेलेली, सावली कसली आणि काय. मुलगी पाणी पाणी करत होती. मी तिला एक-एक घोट देत होते आणि धाकट्याला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले होते. तो झोपला होता. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. एवढ्या गर्मीतही माझं पोर किती शहाणं, असं वाटत होतं.

अकराच्या सुमाराला काकांनी मागून विचारलं, “वहिनी, छोट्याची केव्हा?”

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मंडीदीपला चहाला थांबलो ना, तेव्हा झाली.”

मंडीदीपला मी डायपर उघडूनही पाहिला नव्हता. खोटं का बोलले? कंटाळा आला होता, घाम येत होता, आणि मी आई होते, ते नव्हते. काका ठीक म्हणाले. आईने सांगितलं म्हणजे झालं, असा त्यांचा स्वभाव. ते मुलीला गोष्ट सांगायला लागले.

साडेबारा झाले असतील. मुलीने खेळता खेळता भावाच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, आई, बाळ गरम आहे. काका एकदम पुढे वाकले. मानेला हात लावला, मग ओठाला, मग त्यांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी डायपर सोडला. तो सकाळी बांधला तसाच होता, कोरडा ठाक.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

“वहिनी, हा झोपलेला नाही. हा सुस्त पडून राहिला आहे. अंगातलं पाणी गेलंय. आता खरं सांगा, केव्हा?”

“सकाळी सहाच्या आधी कधीतरी,” मी म्हणाले.

ते रागावले असते तर मी रडू शकले असते. ते फक्त नवऱ्याला म्हणाले, गाडी वळवायची, आत्ता. आणि स्वतः उन्हात उतरले. मागे गाड्यांची रांग लागलेली. हा सत्तरीचा माणूस एकेका ट्रकवाल्यापुढे हात जोडत गेला, बच्चा है भैया, बच्चा है, म्हणत. एक ट्रक मागे सरकला, एक जीप कडेला गेली आणि आमची गाडी कशीबशी वळली. परत येऊन त्यांनी माझ्या मांडीवरून बाळाला उचलून घेतलं. मी दिलं. त्या क्षणी माझ्या हातांवर माझाच विश्वास नव्हता.

पिशवीतली बाटली, पाकीट, चमचा. एक चमचा तोंडात, मग वीसपर्यंत मोजायचं, मग दुसरा. घाई केली तर ओकून टाकेल, म्हणाले. ते हिंदीत मोठ्याने मोजत होते, एक, दो, तीन, आणि मुलगी त्यांच्याबरोबर मोजत होती. तिला खेळच वाटत होता. मी मागे वळून ओल्या रुमालाने त्याचे पाय पुसत होते. मधेच तो रडला. रडला म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि मग दिसलं की डोळ्यांत पाणीच नाही. तोंड रडण्याचं, आवाजही रडण्याचा, आणि डोळे सुके. त्या अर्ध्या तासात मी किती नवस बोलले ते सांगत नाही, काही अजून फेडायचे आहेत.

ओबेदुल्लागंजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं. एवढ्याशा हाताला शीर लवकर सापडेना. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. काका माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला पहिल्यांदाच त्यांच्या दवाखान्याबद्दल काहीतरी सांगितलं. नंबर लावायचं काम त्यांच्याकडे असे. एकदा असेच उन्हाळ्यात एक नवरा-बायको बसने लांबून आले, खांद्यावर मूल झोपलेलं. रडणारी मुलं पुढे घ्यायची, झोपलेली मागे, असा तिथला रिवाज. काकांनी त्यांना तेरावा नंबर दिला आणि बसा म्हणाले. नंबर येईपर्यंत मूल राहिलं नाही.

“ते गुपचूप बसून राहिले, वहिनी. मी काही विचारलं नाही त्यांना,” एवढंच ते म्हणाले.

सव्वादोनला बाळाला थोडी जाग आली. काका त्याला मांडीवर घेऊन बसले होते. अचानक ते ताठ झाले. त्यांच्या बारशाच्या पांढऱ्या पायजम्यावर एक पिवळा डाग पसरत होता. काका हलले नाहीत, फक्त मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“दोन वाजून सतरा मिनिटं. झाली, वहिनी. भरपूर झाली.”

मी तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडले. नवरा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि तोही रडत होता. नर्स म्हणाली, अरे, अब क्यों रो रहे हो?

काकांचं बारसं चुकलं. दोन दिवसांनी बाळाला घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा लाइनीतल्या बायका चौकशीला जमल्या. मी मान खाली घालून उभी होते. काकांनी सगळ्यांना सांगितलं की घाटात गाड्या अडकल्या, एसी बंद पडला, ऊनच तसं होतं, कुणाचा काही दोष नाही. माझं खोटं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, सूनबाईलाही नाही. फाटकावर उभं राहून प्रश्न विचारणं मात्र चालूच राहिलं. मी आता त्यांनी विचारायच्या आधीच सांगायची, वेळेसकट.

माझा धाकटा सात वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात काका बाथरूमजवळ पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. आता प्रत्येक वेळी उठवून न्यायला सूनबाई लागायची. मी रोज दुपारी डबा घेऊन जायची. एकदा गेले तर सूनबाई काळजीत होती. म्हणाली, बाबा पाणीच पीत नाहीत, तहान नाही म्हणतात. उशाशी तांब्या भरलेला होता आणि त्यावरचं फुलपात्र तसंच पालथं.

मी पलंगाजवळ बसले. बोटांची मागची बाजू त्यांच्या मानेला लावली. कातडी कढत आणि कोरडी होती. मी त्यांचाच प्रश्न विचारला, हळू आवाजात.

“काका, शेवटची सू केव्हा?”

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

“आत्ताच झाली, वहिनी.”

दारात उभ्या सूनबाईने नाही म्हणून मान हलवली. मला तिची गरज नव्हती. असं खिडकीबाहेर बघत दिलेलं उत्तर मी ओळखते. कुणाला आपल्यासाठी थांबावं लागू नये, उठावं लागू नये, म्हणून त्यांनी पाणी पिणं बंद केलं होतं. इतकी वर्षं सगळ्या आयांना हेच करू नका म्हणून सांगणारा माणूस.

सूनबाईने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी खुंटीवरची निळी पिशवी काढली. चमचा तोच होता. एक चमचा दिला आणि वीसपर्यंत मोजलं, मोठ्याने, हिंदीत, त्यांच्यासारखं. ते तोंड उघडायचे. गाडी आली तेव्हा मी अकराव्या चमच्यावर होते. स्ट्रेचरवरूनही त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी त्यांच्याबरोबर गेले, नर्सला सूनबाईने सांगितलेली शेवटची वेळ सांगितली, आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला तोच प्रश्न विचारत राहिले. काका गेले तोपर्यंत एकीनेही वेळ सांगितली नाही.