होडीत पाणी येत होतं कुठून

आई गेली त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, आबांची होडी पाण्यात मधेच भरली. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमचं गाव आहे. काठ तसा जवळच होता, पण होडीत ओलं जाळं, मासे आणि आबा एकटे. त्यांनी जाळं पाण्यात सोडलं, स्वतः उतरले आणि छातीभर पाण्यातून होडी ओढत काठाला आणली. हे मला त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. सुट्टी मागून घेतली, लेकीला सासूबाईंवर सोपवलं आणि टेंभुर्णीची एसटी धरली.

आबा काठावरच भेटले. होडी निम्मी चिखलात होती आणि ते तिच्याकडे बघत उभे होते.

"कशाला आलीस? पोरगी कुटं हाय?"

"सासूबाईंजवळ. होडीला काय झालं?"

"काय न्हाय. गळती जरा."

ती होडी माझ्याहून वयाने मोठी. सागाच्या फळ्यांची, आजोबांनी करून घेतलेली. गावात आता सगळ्यांच्या फायबरच्या होड्या आल्या, पण आबांना ही सोडवत नव्हती. लग्न झाल्यापासून आई-आबा दोघं हिच्यातच मासेमारीला जायचे. आबा पुढं जाळ्यावर, आई मागं वल्ह्यावर. आई गेल्यावर आबा एकटेच दोन्ही कामं करायला लागले होते.

"तुझी आई व्हती तवा नव्हती अशी गळत," ते एकदम म्हणाले. आवाजात राग होता. कुणावर, ते मला कळलं नाही.

त्यांचा संशय पुढच्या टोकावर होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे वर येतात, त्यातल्या एकावर होडी आपटली होती. आम्ही काकूंच्या घरच्यांना बोलावून होडी पालथी केली, वाळायला ठेवली. पुढच्या फळ्यांमधली जुनी भर आबांनी खरवडून काढली, नवं डांबर गरम करून भरलं. मी चूल सांभाळली. डांबराच्या वासानं दोघांचं डोकं दुखलं. ते घट्ट झाल्यावर होडी पाण्यात ढकलली, आबा आत बसले आणि मी काठावरून बघत राहिले. थोड्या वेळात त्यांनी खाली हात घातला आणि ओला पंजा मला दाखवला.

पुन्हा बाहेर, पुन्हा वाळवण, पुन्हा डांबर. पुन्हा पाणी. ते साठायचं मधे, सगळ्यांत खोल भागात, आणि यायचं कुठून ते कळायचं नाही. फळ्यांच्या आतून वाट काढत ते भलतीकडेच वर येत असणार. तिसऱ्या खेपेला आबा डांबराचा डबा बाजूला ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचं बी वय झालं, माझं बी झालं."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मला भीती वाटली. होडी गेली की हा माणूस घरात बसणार, आणि त्या घरात बसून त्यांनी करायचं काय?

भांडी घासताना मला सुचलं. मी तशीच हात न धुता बाहेर आले.

"आबा, कळशी गळते का बघायचं तर आपण ती भरूनच बघतो की."

"मग?"

"होडी वर काढायची आणि आत पाणी भरायचं. आतलं पाणी जिथनं बाहेर येईल, तिथनंच बाहेरचं आत येतंय."

"होडीत पाणी भरायचं? गाव काय म्हनंल?"

"बाप-लेकीला येड लागलं म्हणंल."

ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

ट्रॅक्टरचे जुने टायर मांडून आम्ही होडी त्यांवर सरळ ठेवली आणि खालून पुसून कोरडी केली. मग हंड्यानं पाणी आणून ओतायला लागलो. काकू कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "लोकं होडीतलं पाणी काढत्यात, तुमी भरताय व्हय!" म्हणाल्या, आणि मग स्वतःच हंडा उचलून आमच्यात आल्या.

माझ्या पर्समध्ये कापडावर खुणा करायचा खडू असतोच. तो घेऊन मी होडीखाली सरकले. पुढचा भाग कोरडा ठणठणीत. आबांचं डांबर पक्कं बसलं होतं. मधे दोन-तीन ठिकाणी घामासारखे थेंब होते, तिथं मी खुणा केल्या. आणि मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, पाण्याची बारीक धारच लागली होती.

"आबा, मागं हाय! आईच्या जागेखाली."

मी बाहेर आले तेव्हा ते त्या जागेकडे बघत होते. पाणी उपसून टाकलं आणि त्यांनी पाय ठेवायची फळी उचकटली. खाली दोन फळ्यांमधला सांधा आतून बोटभर उघडा होता, बाहेरून जुन्या डांबराखाली तो दिसत नव्हता, आणि त्यात चिंध्या ठासलेल्या होत्या. आबा एकेक ओढून काढत गेले. वरची चिंधी आईच्या जांभळ्या लुगड्याची, ती मी लगेच ओळखली. तिच्याखाली आबांच्या सदऱ्याची. त्याच्याही खाली, काळ्या पडलेल्या कापडावर, हिरवी फुलं अंधूक दिसत होती. तो माझा फ्रॉक होता. मी चौथीत असताना घालायचे तो.

म्हणजे इतकी वर्षं आई ही फट कापडानं बुजवत होती. कापड कुजलं की वर नवं. वल्हं मारताना त्यावर टाच दाबून बसत असणार, आणि तरी आत आलेलं पाणी उपसत असणार. ती गेल्यावर कापडही बदललं नाही आणि वरून दाबायला पायही राहिला नाही.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माझं तोंड पुढं जाळ्याकडं." त्यांनी जांभळी चिंधी पिळली. "एकदा इचारलं व्हतं. पाय सारखे भिजल्याले का असत्यात तुझे? तर म्हनली, पान्यात ऱ्हाऊन पाय कोरडे कसं ऱ्हातील? आनि हासली."

"सांगायचं की तिनं."

"होडी वर काढावी लागली असती. मी चिडलो असतो." त्यांनी फ्रॉकचा तुकडा बोटांनी सरळ केला. "न्हायतर न्हाई बी. मला आता न्हाई सांगता येत."

काकू हळूच निघून गेल्या. मी चिंध्या गोळा करायला वाकले, तर आबा म्हणाले, "टाकू नगं. धुऊन घाल." मी त्या साबणानं धुतल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या. उरलेली दुपार आम्ही दोघं त्या उघड्या होडीपाशी बसून आईबद्दल बोललो. ती चिलापी माशाचे काटे कसे काढायची, रेडिओवरच्या बाईला कशी उलट उत्तरं द्यायची. आबा बोलताना मधेच डोळे पुसत होते आणि ते लपवत नव्हते.

रविवारी माझे मिस्टर आले. ते सोलापुरात चादरीच्या मागावर काम करतात. मी फोनवर सांगितलं तसं त्यांनी कारखान्यात वाया जाणाऱ्या सुताचं पोतं भरून आणलं. टेंभुर्णीच्या सुताराकडून फळीही तेच घेऊन आले. कुजलेला भाग आबांनी कापून काढला, नवी फळी तासून तासून बसवली. मिस्टरांनी सुताचा जाड पीळ वळला, मी तो डांबरात बुडवला आणि आबांनी बोथट पटाशीनं ठोकत ठोकत त्या सांध्यात आणि खडूच्या खुणांपाशी भरला. सासरे-जावई एरवी चहापाण्यापलीकडे बोलत नाहीत. त्या दिवशी पिळाच्या जाडीवरून दोघांचं चक्क भांडण झालं, आणि जावयाचंच खरं ठरलं.

होडी पाण्यात उतरवली तर सगळ्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. मी तांब्या घेऊन उपसायला धावले. आबा मात्र शांत होते. "लई दिस वाळलीया. पिऊ दे तिला पानी, फुगंल." त्यांनी ती काठाशी बांधून ठेवली आणि आम्ही जेवायला गेलो. सकाळी पाणी उपसलं आणि चहा होईपर्यंत वाट बघितली. तळाशी जरा ओल होती, एवढंच.

मग आबांनी मला होडीत बसवलं. वल्हं मारून वर्षं झाली होती. होडी आधी गोल गोल फिरली, काठावर मिस्टर हसत होते. आबा म्हणाले, "घाई नगं करू, तिला तिच्या चालीनं जाऊ दे." हाताला फोड आले, पण जमलं. घरच्या दुसऱ्या जाळ्यात दोन चिलापी आणि एक रोहू मिळाला. घरी येऊन आबांनीच ते तळले. मीठ थोडं जास्त झालं होतं. मिस्टरांनी आणि मी जास्तीची भाकरी घेतली.

निघताना आबा एसटीपर्यंत आले. गाडी हलली तसे खिडकीपाशी येऊन म्हणाले, "उन्हाळ्यात परत वर काढतो तिला. तवा पोरीला घिऊन ये. तिला पवायला शिकवायचं हाय."