बीबीजान सिस्टरच्या चपला

आमच्या कॉलेजच्या आरोग्य खोलीत एक लोखंडी कपाट आहे. ते मी फायलींसाठी दिलं होतं. आता एका कप्प्यात फायली आहेत आणि बाकी कप्प्यांत बूट. मी हेडक्लार्क आहे, त्यामुळे या गोष्टीचा सहा वर्षं राग धरणं माझं कामच आहे.

ही करणी बीबीजान सिस्टरची. पौडच्या मुलाण्यांची लेक, वय सत्तावन्न, उंची कपाटाच्या मधल्या कप्प्याएवढी. धनुर्वाताची, काविळीची, लागेल ती लस ती देते. कुणी हात मागे घेतला तर म्हणते, "मुळशीचं पाणी पितुयास आन् सुईला भितुयास?"

बूट मात्र फक्त ॲलर्जीवाल्यांचे. धुळीचा, गवताचा त्रास असलेली पोरं डॉक्टरांनी लिहून दिलेली बाटली आमच्या फ्रीजमध्ये ठेवतात आणि दर आठवड्याला थोडं थोडं औषध टोचून घेतात. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसायचं. क्वचित कुणाला ते औषधच उलटतं, आणि उलटलं तर बहुतेक त्याच अर्ध्या तासात. पण पोरांना अर्धा तास म्हणजे जन्मठेप. म्हणून सुईआधी बूट कपाटात आणि किल्ली सिस्टरच्या कमरेला.

त्यात ती स्वतःच्या चपलाही आत ठेवायची. "तुम्हाला कोण पळवून नेतंय?" मी एकदा विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, नरहरीभाऊ," एवढंच म्हणाली. मी मनात म्हटलं, म्हातारचळ.

गेल्या मार्चमध्ये नेऱ्याचा अतुल आला. शेवटच्या वर्षाचा, इस्त्रीची नवी पँट. सुई टोचून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, वरच्या हॉलमधी माजी मुलाखत हाय. अकराला."

"आदी सांगाया तोंडाला कुलूप व्हतं?"

"तुमी डोस पुढं ढकलला आसता. मागचाबी चुकलाय."

"बस गप. अकराला सोडते."

पण कंपनीवाल्यांनी त्याला अकराच्या आधीच बोलावलं. सिस्टर फ्रीजकडे वळली तेवढ्यात हा मोज्यांवर पळाला. तिने तातडीच्या औषधाचा ट्रे उचलला आणि अनवाणी त्याच्यामागे जिना चढली. तिला परत आणायला म्हणून मी मागे.

मी पोचेपर्यंत ती हॉलमध्ये भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसली होती. मांडीवर ट्रे, नजर घड्याळावर. कंपनीच्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"ह्याची आजून अठरा मिन्टं ऱ्हायल्यात. तुमचं चालू द्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी बिचाऱ्यांनी खरंच चालू ठेवलं. तेविसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "तुमच्यातली सर्वात मोठी उणीव कोणती?" अतुलने तोंड उघडलं आणि खोकायला लागला. खोकला थांबेना. मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिटीसारखा वाजू लागला.

सिस्टरने त्याला जमिनीवर आडवं केलं आणि नव्या पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. "पाय वर धरा, भाऊ." मी धरले. मोज्याला भोक होतं. त्या भोकाकडे बघत मी किती वेळ बसलो कोण जाणे, पण ॲम्ब्युलन्स येण्याआधी त्याचा श्वास मोकळा झाला होता.

दुपारी दवाखान्यातून निरोप आला. अतुल बरा होता, उद्यापर्यंत ठेवणार होते. कंपनीच्या बाईही मुलाखत पुन्हा घेऊ म्हणाल्या.

सिस्टर बाकावर बसली होती, अनवाणीच. टाचेला जिन्याचा पत्रा लागला होता. मी म्हटलं, "किल्ली द्या, तुमच्या चपला काढतो. आणि आता हे खूळ सोडा. पळतात ती पोरं. तुम्ही कुठं पळणार आहात?"

तिने किल्ली दिली. मग टाचेकडे बघत बोलली. "बारा वर्सांमागं दुसऱ्या दवाखान्यात व्हते. एका पोरीला आसंच टोचलं आन् म्हनलं, हितनं हलू नको. ती न्हाई हलली, भाऊ. मीच चहाला गेले. आले तवा ती बाकावरच व्हती, पर गेलेली."

मी चपला काढून तिच्या पायाशी ठेवल्या आणि किल्ली परत दिली. कपाटातला फायलींचा कप्पा दुसऱ्या दिवशी मीच रिकामा केला.