जयवंतकाकांचे सहा तास

जयवंतकाकांनी मनवेलपाड्याचा नाका ओलांडायचा म्हणजे पाच मिनिटं गेलीच. दोन्हीकडे बघणार, रिक्षा लांब असली तरी थांबणार, मग एकदम माझा दंड धरून पळत सुटणार. बहात्तर वर्षांचा माणूस जिवाला जपतो यात नवल नाही. पण काका जिवाला नाही, देहाला जपत होते. अपघातात गेलो तर पोस्टमॉर्टेम होणार आणि मग कॉलेज आपल्याला घेणार नाही, ही त्यांची धास्ती.

कॉलेज म्हणजे महामार्गाने मुंबईकडे जाताना लागणारं एक मेडिकल कॉलेज. गेल्या दिवाळीत काकांनी तिथून देहदानाचा फॉर्म आणला. चाळीस वर्षं सातिवलीच्या कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. शिकाऊ पोराला चालू मशीन कुणी उघडू देत नाही, मी मोडीतल्या लेथवर शिकलो, डॉक्टर होणाऱ्या पोरांनाही मोडीतलं काहीतरी लागणारच, असं ते सांगायचे. आणि इतक्या आनंदाने सांगायचे, की ऐकणारा काहीतरी काम काढून उठायचा. मी त्यांचा शेजारी, म्हणून साक्षीदाराची सही माझी. नाही म्हटलं असतं तर रोज दार वाजवलं असतं त्यांनी. त्यांची मुलगी आर्या नाशिकहून येऊन सही करून गेली. राहिली ती विनयाकाकूंची. तिच्याशिवाय कॉलेज फॉर्म घ्यायला तयार नव्हतं आणि काकू सही करत नव्हत्या. नाहीही म्हणत नव्हत्या. आठ महिने फॉर्म फ्रिजवर पडून होता, त्याच्यावर कधी वर्तमानपत्र, कधी कोथिंबिरीची जुडी.

तरी काकांची तयारी जोरात. देह सहा तासांच्या आत पोचवा असं कॉलेजने सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात बसलं. सुट्टीच्या दिवशी मला गाडी काढायला लावायचे. घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत किती वेळ लागतो ते वहीत लिहायचे. सकाळी एक तास पस्तीस. संध्याकाळी अडीच. एकदा खाडीपुलावर ट्रक बंद पडला तेव्हा चार तास दहा, आणि त्या दिवशी काका रात्रभर झोपले नाहीत. खालचे डॉक्टर गावाला गेले की त्यांचा जीव टांगणीला, कारण मृत्यूचा दाखला कोण देणार. गाडीचा काटा पन्नासच्या वर गेला की हळू म्हणून माझ्या मांडीवर थाप. मी वैतागायचो. एकदा तोंडावर म्हणालोही, की काका, एवढी घाई आहे तर सावकाश तरी मरा. ते हसले, पण लगेच घड्याळाकडे बघितलं.

काकू क्रियाकर्मासाठी अडून बसल्यात असंच त्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी पत्रकं आणली, एका गुरुजींना चहाला बोलावलं, पिंडदान देह नसतानाही करता येतं हे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. काकूंनी गुरुजींना पोहे दिले आणि विषय संपला.

जुलैत एके सकाळी मी फॉर्मचं विचारायला गेलो तेव्हा काका वही उघडून बसले होते. काकू डाळ निवडत होत्या. ताटावरून नजर न उचलता त्या बोलल्या.

"तुम्ही तुमचं जायचं मोजताय. मला तिथून परत यायचंय, ते कोणी मोजलं? स्मशानात निदान समोर दिसतं, की माणूस संपला. मग पाय निघतात. तुम्हाला तिथे टेबलावर ठेवून मी घरी कशी येऊ?"

काकांनी वहीची पानं चाळली, जसं काही उत्तर तिच्यात कुठेतरी असेल. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या सुट्टीला काकू तयार होऊन खाली उभ्या. मीही येते म्हणाल्या. फाटकापाशी त्या उतरल्या, आतल्या इमारतीकडे बघत राहिल्या. मग काकांच्या खिशातून घराची किल्ली काढून घेतली.

"तुम्ही इथेच थांबा," त्या म्हणाल्या. "मी एकटी घरी जाऊन बघते. जमलं तर सही करीन."

आणि बसस्टॉपकडे चालत गेल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मुंबईहून परत येताना काका बरोबर नाहीत असं कधी झालं नव्हतं. तिकिटंसुद्धा कायम त्यांच्याच खिशात. त्या दिसेनाशा होईपर्यंत काका बघत राहिले, मग फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. उठले. पुन्हा बसले. दोनदा फोन हातात घेतला, मी खाली ठेवायला लावला. जेवून येऊ म्हटलं तर नको म्हणाले, ती आली आणि मी नसलो तर?

"काका, काकू इकडे येणार नाहीयेत. घरी चालल्यात."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. शाळेत विसरलेल्या पोरासारखे दिसत होते आणि मला आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांची दया आली. घड्याळाकडे त्यांनी बघितलंच नाही. मी बघितलं, तीन तास होत आले होते.

फोन वाजला. त्यांनी तो माझ्याच हातात दिला, मी स्पीकरवर टाकला.

"पोचले," काकू म्हणाल्या. मागे पंख्याचा आवाज. "दार उघडलं तर तुमच्या घरात घालायच्या चपला समोरच. बाजूला केल्या नाहीत मी. थोडी बसले, पाणी प्यायले. जमेल मला. सही केलीय. पण आज घरी या."

काका गाडीत बसले, पट्टा लावला, वही मागच्या सीटवर टाकली. महामार्गाला लागलो, काटा पन्नासवर स्थिर ठेवून मी नेहमीसारखा निघालो.

सातिवलीच्या आसपास त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"संग्राम," ते म्हणाले, "जरा दाब की."